सिनसिनाटी स्ट्रीटकार

सिनसिनाटी स्ट्रीटकार (आरंभीचे नाव सिनसिनाटी बेल कनेक्टर, सध्या नुसते कनेक्टर) ही अमेरिकेच्या ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात चालणारी विजेवरील ट्रामसेवा आहे. ९ सप्टेंबर २०१६ रोजी ती प्रवाशांसाठी खुली झाली. सुमारे ५.८ किलोमीटर (३.६ मैल) लांबीच्या वळसेदार मार्गावर १८ थांबे असून ओहायो नदीचा काठ, शहराचा व्यापारी मध्यभाग आणि ओव्हर-द-राइन ही जुनी वस्ती या मार्गाने जोडली गेली आहे. शहरातील पूर्वीची ट्रामसेवा २९ एप्रिल १९५१ रोजी बंद झाली होती. म्हणजे पासष्ट वर्षांनंतर सिनसिनाटीच्या रस्त्यांवर पुन्हा रूळ दिसू लागले.

लांबीच्या दृष्टीने हा मार्ग अगदी किरकोळ आहे. मात्र त्याच्या उभारणीसाठी शहराला दोनदा मतदान करावे लागले, एका महापौराच्या कारकिर्दीत अर्धवट झालेले काम दुसऱ्याच्या कारकिर्दीत थांबले आणि केंद्रीय अनुदान परत जाण्याच्या अगदी तोंडावर पुन्हा सुरू झाले. उद्घाटनाच्या दिवशी केवळ एक फेरी मारण्यासाठी लोकांनी रांगा का लावल्या, हे या पूर्वपीठिकेवाचून समजत नाही.

नावाविषयी

रस्त्यावरच्या रुळांवरून धावणाऱ्या गाडीला मराठीत ट्राम म्हणतात. हा शब्द ब्रिटिश इंग्रजीतून आला. अमेरिकेत तिलाच स्ट्रीटकार किंवा ट्रॉली अशी नावे आहेत. गंमत अशी की मुंबईत ट्राम आणण्याच्या पहिल्या योजनेमागे स्टर्न्स अँड किटरेज ही अमेरिकी पेढीच होती, तरीही १८७४ मध्ये घोड्यांची गाडी सुरू झाली ती ट्राम या नावानेच. प्रस्तुत लेखात सेवेच्या नावात स्ट्रीटकार आणि अन्यत्र ट्राम असा शब्द योजला आहे. दोन्हींचा अर्थ एकच.

पूर्वीच्या ट्रामगाड्या

सिनसिनाटीत घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ट्रामगाड्या १८५९ मध्ये सुरू झाल्या. शहराचा मध्यभाग नदीकाठच्या सखल खोऱ्यात आणि भोवती उभ्या चढणीच्या टेकड्या अशी येथील भूरचना आहे. खोऱ्यातील दाटीला आणि धुराला कंटाळलेल्या लोकांना टेकड्यांवर राहायला जायचे होते, परंतु घोड्यांना ती चढण झेपत नव्हती. त्यावर उपाय म्हणून १८७२ पासून टेकड्यांच्या उतारावर तिरके रूळ टाकून वाफेच्या यंत्राने व दोरखंडाने ओढले जाणारे उतरण-मार्ग बांधण्यात आले. असे पाच मार्ग शहरात होते. पुढे पुढे तर संपूर्ण ट्रामगाडीच एका सपाट फलाटावर चढवून तो फलाट वर ओढला जाई. यांपैकी शेवटचा, माउंट ॲडम्सचा मार्ग १९४८ मध्ये बंद पडला.

१८८९ पासून विजेच्या ट्रामगाड्या आल्या आणि शहराच्या सर्व दिशांना रूळ पसरले. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आणि बसगाड्यांपुढे ही व्यवस्था टिकली नाही. अखेरच्या काळातील निर्णयांत घाई फार दिसते. १९४७ मध्ये घेतलेल्या कोऱ्या करकरीत पीसीसी जातीच्या गाड्या अवघ्या तीन वर्षांत, १९५० मध्ये, आधीच्या त्याच जातीच्या गाड्यांसह कॅनडातील टोरांटो शहराला विकण्यात आल्या. एकूण ५२ गाड्या गेल्या आणि तेथे त्या पुढे कित्येक वर्षे चालल्या. त्या मालिकेतील शेवटच्या गाडीचा सिनसिनाटीतील क्रमांक ११७४ होता. २०१६ च्या पाच नव्या गाड्यांना ११७५ ते ११७९ असे क्रमांक मिळाले आहेत. मधल्या पासष्ट वर्षांची या क्रमांकांत कोठेही नोंद नाही.

तुलनेसाठी, मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी सुरू झाली आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली.

दोन तारांचा वाद

जुन्या सिनसिनाटीतील ट्रामगाड्यांची छायाचित्रे पाहिल्यास एक वैशिष्ट्य लगेच लक्षात येते. गाडीच्या डोक्यावर एकाऐवजी दोन तारा आहेत आणि त्यांना टेकणारे दांडेही दोन आहेत. जगात बहुतेक ठिकाणी ट्रामला एकच तार पुरते. वीज तारेतून गाडीत येते, मोटार फिरवते आणि चाकांवाटे रुळांत उतरून वीजकेंद्राकडे परत जाते. परतीची वाट रूळच पुरवतात, म्हणून दुसऱ्या तारेची गरज नसते. क्युबातील हवाना यांसारखी मोजकी शहरे सोडली, तर दोन तारांची पद्धत कोणी पत्करली नाही.

सिनसिनाटीत ती येण्याचे कारण दूरध्वनी. १८८० च्या दशकात दूरध्वनीच्या जोडण्याही एकाच तारेच्या असत आणि त्यांच्या प्रवाहाची परतीची वाट जमिनीतून होती. ट्राम धावू लागताच रुळांतून निसटलेला बलाढ्य प्रवाह त्याच जमिनीत पसरे, शिवाय डोक्यावरच्या तारेच्या सान्निध्यामुळेही दूरध्वनीच्या तारेत प्रवाह उत्पन्न होई. परिणामी फोनवर बोलणाऱ्याला माणसाच्या आवाजाऐवजी घरघर ऐकू येई. दूरध्वनी कंपनीचे म्हणणे असे की ट्रामवाल्यांनी परतीसाठी स्वतंत्र तार लावावी. ट्रामवाल्यांचे म्हणणे असे की जमीन काही कोणाच्या मालकीची नाही, दूरध्वनीवाल्यांनीच दुसरी तार ओढावी. शहरातील दूरध्वनी चालवणारी सिटी अँड सबर्बन टेलिग्राफ असोसिएशन आणि एक उतरण-ट्राम कंपनी यांच्यातील हा दावा ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८९१ मध्ये न्यायालयाने कौल ट्राम कंपनीच्या बाजूने दिला. रस्ता मुळात रहदारीसाठी असतो आणि ट्राम ही रहदारीच आहे, असा त्या निकालाचा आशय होता. शहरात मात्र तोवर दोन तारांची पद्धत रूढ होऊन बसली होती आणि ती ट्राम संपेपर्यंत टिकली. पुढे दूरध्वनीच्या जोडण्याही दोन तारांच्या झाल्या, त्यामुळे तक्रारीचे मूळच उरले नाही.

नव्या सेवेला डोक्यावर एकच तार आहे. तिच्यावर सुरुवातीला ज्या कंपनीचे नाव झळकले ती सिनसिनाटी बेल म्हणजे त्याच सिटी अँड सबर्बन टेलिग्राफ असोसिएशनची वारसदार. सव्वाशे वर्षांपूर्वी ट्रामला कोर्टात खेचणाऱ्या संस्थेच्या वारसदाराने २०१६ मध्ये दहा वर्षांसाठी ३४ लाख डॉलर देऊन ट्रामवर आपले नाव लावून घेतले.

भुयारी रेल्वेची आठवण

नव्या मार्गाला झालेल्या विरोधाच्या मुळाशी पैशाइतकीच एक जुनी आठवणही होती. शहरातून वाहणारा मायामी-ईरी कालवा निरुपयोगी झाल्यावर त्याच्या पात्रात भुयारी रेल्वे बांधायचे ठरले. १९१६ मध्ये नागरिकांनी त्यासाठी ६० लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. पहिल्या महायुद्धामुळे काम १९२० पर्यंत लांबले. तोवर महागाई इतकी वाढली की १९२७ च्या सुमारास पैसे संपले. तीनेक किलोमीटरचे बोगदे आणि काही स्थानके तयार झाली, पण रूळ पडले नाहीत आणि एकही गाडी धावली नाही. कालव्याच्या जागी वर सेंट्रल पार्कवे हा रुंद रस्ता झाला. न धावलेल्या रेल्वेचे कर्ज फिटायला १९६६ साल उजाडले.

आजची ट्राम परतीच्या वाटेवर थोडे अंतर याच सेंट्रल पार्कवेवरून जाते. प्रवाशाला खाली काही आहे याचा पत्ताही लागत नाही. बोगदे मात्र जागेवर आहेत.

पुन्हा रूळ टाकण्याचा लढा

२००१ मध्ये पोर्टलंड शहराने नव्या पद्धतीची ट्रामसेवा सुरू केली आणि रुळांच्या आजूबाजूला घरे व दुकाने उभी राहू लागली. तो दाखला देऊन अनेक अमेरिकी शहरांत ट्रामचा विचार सुरू झाला. महापौर मार्क मॅलरी यांच्या कारकिर्दीत सिनसिनाटीची योजना आकाराला आली. समर्थकांच्या मते रूळ म्हणजे शहराने दिलेले कायमचे वचन होते. बसचा मार्ग उद्या बदलता येतो, रूळ उचलता येत नाहीत, म्हणून गुंतवणूकदार रुळांवर विश्वास ठेवतो, असे ते म्हणत. विरोधकांचा आक्षेप नेमका यावरच होता. जे उद्या बदलता येत नाही, त्यावर कोट्यवधी डॉलर घालू नयेत, ते पैसे बससेवेला, पोलिसांना व अग्निशमनाला द्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजू एकाच गुणधर्माबद्दल बोलत होत्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

नोव्हेंबर २००९ मध्ये, रेल्वेवर कोणताही खर्च करण्यापूर्वी मतदारांची संमती घ्यावी असा प्रस्ताव मतदानाला आला आणि फेटाळला गेला. नोव्हेंबर २०११ मध्ये स्ट्रीटकारवरील खर्चाला काही वर्षांसाठी बंदी घालणारा दुसरा प्रस्ताव आला. तोही पडला, परंतु निसटत्या फरकाने. दरम्यान राज्यशासनाने देऊ केलेले पाच कोटी डॉलरहून अधिक साहाय्य २०११ मध्ये काढून घेतले. त्याचा मोठा फटका मार्गाला बसला. मूळ आराखड्यात ट्राम टेकडी चढून सिनसिनाटी विद्यापीठाच्या परिसरापर्यंत जाणार होती. तो भाग वगळावा लागला आणि मार्ग खालच्या खोऱ्यातच फिरत राहिला. नंतर या सेवेवर झालेली पुष्कळशी टीका, ती कोठेच जात नाही अशा स्वरूपाची, या कपातीमुळे ओढवलेली आहे.

फेब्रुवारी २०१२ मध्ये भूमिपूजन झाले. नोव्हेंबर २०१३ च्या निवडणुकीत स्ट्रीटकारला उघड विरोध करणारे जॉन क्रॅनली महापौर म्हणून निवडून आले. १ डिसेंबरला त्यांनी सूत्रे घेतली आणि त्याच आठवड्यात नगरपरिषदेने काम स्थगित केले. तोवर एल्म स्ट्रीटवर रूळ पडले होते, गाड्यांची मागणीही नोंदवली गेली होती. कंत्राटे मोडण्याचा खर्च, आधीच झालेला खर्च आणि सुमारे साडेचार कोटी डॉलरच्या केंद्रीय अनुदानावर सोडावे लागणारे पाणी यांचा हिशेब स्वतंत्र लेखापरीक्षकांकडून करून घेण्यात आला. केंद्रीय यंत्रणेने १९ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत मुदत दिली. त्या दिवशी एका खासगी धर्मादाय प्रतिष्ठानाने चालवण्याच्या खर्चातील तुटीसाठी दहा वर्षे मिळून ९० लाख डॉलरपर्यंत हमी देऊ केली आणि परिषदेने सहा विरुद्ध तीन मतांनी काम पुन्हा सुरू करण्याचे ठरवले. सहा मते पडल्याने महापौरांचा नकाराधिकार निष्प्रभ ठरला. एकूण खर्च सुमारे १४.८ कोटी डॉलर झाला.

उद्घाटन

९ सप्टेंबर २०१६ हा शुक्रवार होता. दुपारपासून सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि रविवारपर्यंत तिकीट नव्हते. त्या तीन दिवसांत सुमारे ५० हजार प्रवास नोंदले गेले. पाच गाड्यांच्या सेवेसाठी हा आकडा मोठा आहे. गाड्या तुडुंब भरत, थांब्यांवर रांगा लागत. विरोधात निवडून आलेले महापौर उद्घाटनालाही होते, ही शहराच्या राजकारणातील एक विलक्षण घटना मानली जाते.

नव्या मार्गाच्या पहिल्या दिवशी दुसऱ्या गावांहून लोक केवळ बसून पाहण्यासाठी येतात, ही अमेरिकेत एक रूढ प्रथा आहे. टूसॉन (२०१४), कॅन्सस सिटी (मे २०१६), डेट्रॉइट (२०१७), मिलवॉकी आणि ओक्लाहोमा सिटी (दोन्ही २०१८) या शहरांतही नव्या सेवा सुरू झाल्या. अशा गर्दीत रेल्वेचे शौकीन असतात, आपल्या शहरातही असे व्हावे म्हणून धडपडणारे कार्यकर्ते असतात, आणि लहानपणी जुन्या ट्राममध्ये बसलेले वृद्धही असतात. सिनसिनाटीत १९५१ मध्ये शाळकरी असलेली व्यक्ती २०१६ मध्ये सत्तरी ओलांडलेली होती.

मार्ग आणि एक दिवसाची सहल

ट्राम नदीजवळच्या सेकंड स्ट्रीटवरून निघून मेन स्ट्रीटने उत्तरेस जाते, बाराव्या रस्त्याने पश्चिमेस वळते आणि एल्म स्ट्रीटने ओव्हर-द-राइनच्या उत्तर टोकाला, हेन्री स्ट्रीटला पोहोचते. परत येताना ती रेस स्ट्रीट, सेंट्रल पार्कवे आणि वॉलनट स्ट्रीट या रस्त्यांनी नदीकडे उतरते. जाण्याचे व येण्याचे रस्ते निराळे असल्याने एखादा थांबा हुकला, तर परतीचा थांबा शेजारच्या रस्त्यावर शोधावा लागतो. नवख्या माणसाचा गोंधळ येथेच होतो. पूर्ण फेरीला पाऊण तासाहून कमी वेळ पुरतो, त्यामुळे सकाळी आलेल्या पाहुण्याला उतरत-चढत सगळा मार्ग दिवसभरात पाहता येतो.

सुरुवात दक्षिण टोकाकडून करणे सोयीचे. नदीच्या पलीकडे केंटकी राज्य आहे. यादवी युद्धापूर्वी केंटकीत गुलामगिरी कायदेशीर होती आणि ओहायोत नव्हती, म्हणून नदी ओलांडणे हा पळून आलेल्या गुलामांसाठी जन्माचा प्रश्न असे. त्यांना लपवून उत्तरेकडे पोहोचवणाऱ्या गुप्त साखळीला भूमिगत रेल्वे हे सांकेतिक नाव होते. तिच्यात रूळ वा गाडी काहीच नव्हते. तिच्या स्मरणार्थ उभारलेले संग्रहालय २००४ पासून या थांब्याजवळ आहे. शेजारीच जॉन रोबलिंग यांचा झुलता पूल आहे. १८६६ च्या अखेरीस तो खुला झाला तेव्हा जगातील सर्वांत लांब गाळ्याचा झुलता पूल होता. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा आराखडा याच अभियंत्याचा. पुलावरून चालत केंटकीत जाऊन परत येता येते. ट्राम मात्र नदी ओलांडत नाही.

मध्यभागात फाउंटन स्क्वेअर हा चौक आहे. तेथील टायलर डेव्हिडसन कारंजे १८७१ मधले. जवळच झाहा हदीद यांनी रचलेली समकालीन कला केंद्राची इमारत (२००३) आहे. सेंट्रल पार्कवे ओलांडला की ओव्हर-द-राइन सुरू होते. येथे जर्मन स्थलांतरित मोठ्या संख्येने राहत. कामावरून घरी येताना कालव्याचा पूल ओलांडायचा, म्हणून त्या कालव्याला लोक थट्टेने ऱ्हाइन नदी म्हणत. वस्तीचे नाव त्यावरून पडले. एल्म स्ट्रीटवर वॉशिंग्टन पार्कसमोर १८७८ चे लाल विटांचे म्युझिक हॉल आहे. ट्रामच्या उद्घाटनावेळी ते दुरुस्तीसाठी बंद होते आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये उघडले.

उत्तरेकडील फिंडले मार्केट हे सहलीचे खरे ठिकाण म्हणावे लागेल. १८५० च्या दशकात बांधलेल्या लोखंडी सांगाड्याच्या या मंडईत आजही भाजी, मांस, चीज आणि मसाले विकले जातात. ओहायोत अखंड चालू असलेली ही सर्वांत जुनी सार्वजनिक मंडई आहे. येथे मिळणारा गेटा हा पदार्थ जर्मन मजुरांच्या काटकसरीतून आला. थोड्या मांसात भरपूर ओट शिजवून त्याची वडी थापायची आणि सकाळी तिचे काप तव्यावर कुरकुरीत परतायचे, अशी त्याची कृती. मंडईच्या दोन्ही अंगांना, एल्म आणि रेस या रस्त्यांवर, ट्रामचे थांबे आहेत.

वस्ती आणि रहिवासी

१९०० च्या सुमारास ओव्हर-द-राइनची लोकसंख्या ४४ हजारांहून अधिक होती. २००० च्या जनगणनेत ती आठ हजारांच्याही खाली आली. उरलेले बहुतेक रहिवासी कृष्णवर्णीय आणि गरीब होते. एप्रिल २००१ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाचा मृत्यू झाल्यावर येथे मोठा उद्रेक झाला. त्यानंतरच्या दशकात इमारतींची डागडुजी, नवी उपाहारगृहे आणि महागडी घरे आली. ट्राम हा त्या बदलाचा एक भाग होता. बदल तिच्या आधीच सुरू झाला होता. समर्थक ओस पडलेल्या इमारती वाचल्याचे दाखवतात. टीकाकार विचारतात की भाडे वाढल्यामुळे जे वस्ती सोडून गेले, त्यांच्यासाठी रूळ कोणत्या कामाचे? या प्रश्नाचे उत्तर प्रवाशांच्या आकड्यांत सापडत नाही.

उद्घाटनानंतर

पहिल्या वर्षांत प्रवासीसंख्या अपेक्षेपेक्षा कमी राहिली. पहिल्याच हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने गाड्या बंद पडण्याचे प्रकार घडले. मोटारींसोबत एकाच रस्त्यावरून धावत असल्याने रुळांवर वाकडी उभी केलेली एखादी मालवाहू गाडीही सेवा रोखून धरते. बसप्रमाणे बाजूने निघून जाणे ट्रामला शक्य नसते.

सुरुवातीचे तिकीट दोन तासांना एक डॉलर आणि दिवसभरासाठी दोन डॉलर होते. कोविडच्या साथीत मार्च २०२० मध्ये सेवा थांबली आणि त्याच वर्षी ती पुन्हा सुरू झाली ती तिकिटाविना. त्यानंतर प्रवासी झपाट्याने वाढले. २०२३ मध्ये वर्षभरातील प्रवासांनी प्रथमच दहा लाखांचा टप्पा ओलांडला. २०२२ मध्ये दूरध्वनी कंपनीने स्वतःचेच नाव बदलल्यावर सेवेच्या नावातील बेल हा शब्दही मागे पडला. विद्यापीठाकडे टेकडी चढणारा वगळलेला भाग अद्याप बांधला गेलेला नाही.